मालवणात स्कूबा करताय? कानांच्या बाबतीत या चुका टाळा

तारकर्ली-मालवणात स्कूबा करून, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली जाऊन, आलेल्यांची पहिली तक्रार बहुधा कानाची असते. "फार खोल गेलोच नव्हतो, तरी कान का दुखतो?" असं ते विचारतात. कारण पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कानातली हवा निम्म्या जागेत दबते. त्यातला सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो.

म्हणून दुखायची वाट पाहू नका. डोकं पाण्याखाली जाताच नाक चिमटीत धरा, तोंडातल्या नळीभोवती ओठ मिटा आणि नाकात हलकेच हवा लोटा. थोडं थोडं खाली जाताना हेच पुन्हा पुन्हा करा. जोर लावलात तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर या. प्रशिक्षकाला पंजा आडवा हलवून दाखवा आणि कानाकडे बोट करा. अंगठा वर केलात तर तो 'मस्त चाललंय' असं नाही, 'मला वर जायचंय' असं समजेल.

पैसे भरलेत म्हणून सर्दीत उतरणं ही फार महागात पडणारी हौस आहे. नाकात स्प्रे मारूनही नको. पाण्याखाली असतानाच त्याचा असर ओसरला तर वर येताना हवा आत अडकते. कानात बोळेही नकोत.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र कानाची नाही. वर येताना श्वास रोखू नका. टाकीतली हवा छातीत फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, अगदी उथळ पाण्यातसुद्धा.

घरी आल्यावर कान ठणकला की आपल्याकडे लसणाचं कोमट तेल घालतात. कृपा करून घालू नका. पडदा फाटला असेल तर तेल थेट आत जाईल. रक्त, पाणी, चक्कर किंवा कमी ऐकू येणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

परतीचं विमान लगेच धरू नका. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन वायू उंचावरच्या कमी दाबात बुडबुडे होऊन त्रास देऊ शकतो. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबा. सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीलाही हाच नियम लावा. नंतर सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या तर डॉक्टरांना आधी सांगा की तुम्ही टाकी लावून पाण्याखाली गेला होतात.