नव्या घरातलं स्वयंपाकघर: ट्रॉल्या नंतर बघा, आधी भिंतीवर एक रेघ मारा

नाशिकमध्ये आजवर पाच स्वयंपाकघरं मी समोर उभी राहून करून घेतली आहेत. पहिलं आमचं म्हसरूळचं, मग दिरांचं, बहिणीचं आणि दोन मैत्रिणींची. बांधकाम काढलं की प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो, "शोरूममध्ये जाऊन ट्रॉल्या बघून या." कृपा करून हा सल्ला ऐकू नका. ट्रॉल्या शेवटी येतात आणि नाही आवडल्या तर बदलताही येतात. भिंतीत गाडलेला पाइप, ओट्याची उंची आणि खिडकीची सिल (खालचा काठ) बदलायची म्हणजे तोडफोड. विटांच्या भिंती उभ्या आहेत आणि प्लास्टर व्हायचं आहे, त्या आठ-दहा दिवसांत तुमचं स्वयंपाकघर ठरतं. ते दिवस साइटवर घालवा.

आग्नेय कोपरा नकाशात आला आहे, शेगडी, सिंक आणि फ्रिज कुठे हे घरात बोलून झालं आहे, असं मी धरून चालते.

1. ओट्याची उंची

पोळ्या लाटणारी व्यक्ती सरळ उभी करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून खाली 4 ते 6 इंच मोजा. पाच फुटांच्या बाईला साधारण 32 इंच, पाच-चारच्या बाईला 34 ते 35. "सगळ्यांकडे अडीच फुटांचाच असतो" असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि आपलं माप वहीत लिहा. ओट्याची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढच्या काठापर्यंत, 24 इंच.

2. एक मीटरची रेघ

सगळं अडतं ते इथे. आमच्या घरी ओटा 34 इंचांचा ठरला होता. गवंड्याने माझ्यासमोर टेप लावली, 34 भरले, मी हो म्हटलं. पण त्या दिवशी खाली फरशी नव्हती, नुसतं पीसीसी (साधं काँक्रीट) होतं. नंतर त्यावर वाळू-सिमेंटच्या मसाल्याचा थर आणि टाइल मिळून साडेतीन इंच चढले आणि ओटा साडेतीस इंचांचा राहिला. माझी उंची पाच फूट चार. तिसऱ्या-चौथ्या पोळीपासून डावा हात ओट्यावर टेकवून कंबर सावरायची, भाजी चिरायला जेवणाच्या टेबलावर जायचं, अशी दोन वर्षं काढली. मग ग्रॅनाइट उचलून ओटा वाढवला. उचलताना सिंकच्या कोपऱ्याशी ग्रॅनाइटला तडा गेला, टाइल्सची एक रांग फोडावी लागली आणि मिक्सरचा बोर्ड ओट्यापासून जेमतेम पाच इंचांवर उरला. तिथे आजही पाणी उडतं.

गवंड्याने सांगितलं तेवढं बरोबर मोजलं होतं. कुठून मोजायचं, हे मी सांगितलं नव्हतं. प्लंबर पीसीसीपासून मोजतो, वायरमन विटांच्या थरावरून अंदाज घेतो, सुतार तयार फरशीपासून मोजतो. तिघांचे शून्य वेगळे, म्हणून काहीच कशाला जुळत नाही. उपाय एकच: सगळ्यांना एकच शून्य द्यायचा.

घरात लागणारी एक टाइल आधी आणा आणि जाडी मोजा. तिच्याखाली मसाल्याचा थर किती धरणार, हे फरशीवाल्याकडून वदवून घ्या. यावरून मुख्य दाराच्या उंबऱ्याशी तयार फरशी कुठे येणार ते ठरवा आणि तिथून बरोबर 1 मीटर वर भिंतीवर खूण करा. ती खूण लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेली पारदर्शक नळी) स्वयंपाकघराच्या चारही भिंतींवर न्या. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पातळी खोटी दाखवते. म्हणून सुरू करण्यापूर्वी दोन्ही टोकं शेजारी धरा आणि पाणी एका पातळीला येतंय का ते बघा. खुणा झाल्या की रंगाचं सूत ताणून झटका द्या. लेझर लेव्हल असेल तर काम पाच मिनिटांचं आहे.

ही रेघ पडली की त्या खोलीत कुणीही जमिनीपासून मोजायचं नाही. प्रत्येक माप रेघेच्या वर किती, रेघेच्या खाली किती, असंच सांगायचं. 34 इंची ओट्यासाठी मी हे आकडे देते. ओट्याचा वरचा पृष्ठभाग रेघेखाली 14 सेंटिमीटर. मिक्सरच्या बोर्डाचा मध्य रेघेवर 14 सेंटिमीटर. ओट्यासमोर खिडकी असेल तर तिची सिल रेघेवर 7 सेंटिमीटर. खिडकीचं माप विटांच्या कामातच लागतं, म्हणून खरं तर भिंती रेघेच्या उंचीपर्यंत आल्या की रेघ लगेच मारावी. सिंकखालचे अँगल कॉक (पाणी बंद करायचे छोटे कॉक) रेघेखाली 50 आणि सांडपाण्याच्या पाइपचं तोंड रेघेखाली 67.

या शेवटच्या आकड्यावर प्लंबर हमखास वाद घालतो. ऐकू नका. सिंक 9 इंच खोल घेतलं तर त्याचा तळ फरशीपासून 25 इंचांवर येतो. त्याखाली कपलिंग (सिंकच्या तोंडाचा जोड) आणि बॉटल ट्रॅप (वास अडवणारा बाटलीसारखा भाग) आणखी 8 ते 10 इंच खातात. भिंतीतलं तोंड त्याच्याही खाली हवं, म्हणजे फरशीपासून 13 इंचांच्या आसपास, तेच रेघेखाली 67 सेंटिमीटर. बहिणीच्या घरी सवयीने 20 इंचांवर काढलं होतं. प्लास्टरच्या आदल्या संध्याकाळी दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर सिंकमधलं पाणी चढावर ढकलावं लागलं असतं. म्हणून सिंक आधी विकत घ्या, निदान त्याची खोली तरी पक्की करा. पुढे बाहेर जाणाऱ्या पाइपला काटकोनी एल्बो नको, दोन 45 अंशांचे बेंड घ्या आणि साफ करायला झाकणाचा बेंड ठेवा. तेलकट पाणी थंडीत थिजतं आणि नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे.

3. भिंतीवर खऱ्या मापाचं चित्र

रेघेच्या आधाराने गेरूने अख्खं स्वयंपाकघर भिंतीवर काढा: ओटा, सिंकची रुंदी, शेगडी, चिमणी, फ्रिज, वरची कपाटं. छोट्या कागदावरच्या नकाशात जे दिसत नाही ते इथे दिसतं. मग रोज स्वयंपाक करणारीला चित्रासमोर उभं करा. कुकर कुठे उतरवाल, कणीक कुठे मळाल, खरकटी भांडी कुठे ठेवाल, हे हात नेऊन दाखवू दे. दिरांकडे माझी जाऊ रिकाम्या विटांसमोर उभी राहून म्हणाली, "ताई, मिक्सर इथे लावला तर वायर शेगडीवरून जाईल की." बोर्ड तिथल्या तिथे तीन फूट सरकला, फक्त गेरूची खूण पुसून.

पॉइंट या चित्रावरच मांडा. मिक्सरला 6 अँपिअर पुरतो. ओव्हन, इंडक्शन आणि गीझरला 16 अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट हवेत आणि त्यांना 4 स्क्वेअर एमएमची वायर. एकाच लाइनवर दोन 16चे पॉइंट जोडू देऊ नका. फ्रिजचा पॉइंट पाठीमागे नको, बाजूला हवा, म्हणजे फ्रिज न ओढता हात पोचेल. चिमणीचा पॉइंट चिमणीच्या वर. पाण्याच्या फिल्टरला वीज, नळ आणि टाकाऊ पाण्याची वाट अशा तीन गोष्टी लागतात, तिसरी नेहमी विसरते. शेगडी आणि चिमणीच्या मध्ये, तसंच सिंकपासून दोन फुटांच्या आत बोर्ड नको. स्वयंपाकघराच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग यांवर तडजोड नाही.

झिऱ्या, म्हणजे वायर-पाइपसाठी भिंतीतल्या खाचा, कटरनेच मारून घ्या. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी नको, भिंत कमजोर होते. कॉलम-बीमला तर हातही लावू द्यायचा नाही.

4. प्रेशर आणि फोटो

पाइप बसले की टेस्टिंग पंपाने प्रेशर भरून एक रात्र ठेवा. सकाळी काटा जिथे होता तिथेच हवा. थोडासाच उतरला, असं काही नसतं. उतरला तर गळती आहे असं धरून शोधा. मग टेप उघडी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, रेघ फोटोत दिसली पाहिजे. वरच्या कपाटाला ड्रिल मारताना हे फोटो पाइप वाचवतात. प्लास्टर झालं की रेघ पुन्हा मारून घ्या.

5. गॅस आणि चिमणी

घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो. ओट्याखाली ठेवणार असाल तर 16 इंच रुंद आणि 28 इंच उंच मोकळी जागा सोडा आणि तिथे तळाचा कडप्पा टाकू नका, सिलिंडर उचलून ठेवणं कठीण जातं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून हवा जायची जाळी तळाशी हवी. पाइपचा गॅस हलका असतो, त्याला वाट वर हवी. नाशिकच्या काही भागांत महाराष्ट्र नॅचरल गॅसची लाइन आली आहे. तुमच्याकडे आज नसली तरी दोन्हीकडे जाळी ठेवा. गॅसचा पाइप भिंतीत गाडायचा नाही, तो उघडाच हवा.

चिमणीसाठी 6 इंची डक्टचं भोक प्लास्टरआधीच ठेवा आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, उतार नसेल तर पाणी डक्टमधून शेगडीवर टपकतं. शेगडीपासून चिमणी 26 ते 30 इंच वर.

6. फरशी, ओटा, डाडो

फरशी आधी, ओटा नंतर. ओट्याखालच्या टाइल्स वाचवायच्या म्हणून बरेच जण उलट करतात. पंधरा-वीस चौरस फूट टाइल्सच्या बचतीसाठी ओट्याखाली कच्चा कोबा ठेवून झुरळांची सोय करू नका.

सिंकखाली आणि सिलिंडरशेजारी मला कडप्प्याचेच उभे पाट पटतात. प्लायच घ्यायचं असेल तर आयएस 710 शिक्का असलेलं घ्या. उभ्या पाटांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी मोजा आणि गुणिया (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघा. दोन सुताचा (पाव इंचाचा) फरक असला तरी ट्रॉलीचा चॅनल, म्हणजे सरकपट्टी, अडकतो. ग्रॅनाइटच्या पुढच्या काठाला खालून खाच मारून घ्या, म्हणजे पाणी ओघळून ट्रॉल्यांत जाणार नाही. डाडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स, ग्रॅनाइट बसल्यावर.

7. आता ट्रॉल्या

माप आता घ्यायचं, त्याआधी नाही. माप घ्यायला माणूस येईल तेव्हा तुमची सगळ्यात मोठी भांडी काढून ठेवा. भांडी बाजारातून आणलेलं पितळी पातेलं स्टीलच्या डब्याच्या हिशोबाने केलेल्या ट्रॉलीत मावत नाही आणि त्याचं वजनही वेगळं. खालच्या ट्रॉलीला जड वजनाचे चॅनल मागा. आपल्याकडे उन्हाळी कांदा पोत्याने घेतला जातो, तो बंद कपाटात सडतो. त्याची जागा ड्राय बाल्कनीत जाळीवर ठेवा, ओट्याखाली रोजच्या कांद्यापुरती जाळीची एक ट्रॉली पुरे.

फिटिंग झाल्यावर पैसे लगेच देऊ नका. पितळी पातेलं पाणी भरून खालच्या ट्रॉलीत ठेवा आणि ती पूर्ण बाहेर ओढा. पुढे झुकली तर चॅनल बदलून मागा. मग सिंक काठोकाठ भरा, बूच एकदम काढा आणि बॅटरी घेऊन खाली वाका. कपलिंगवर, बॉटल ट्रॅपच्या आट्यांवर आणि पाइप भिंतीत शिरतो तिथे कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर प्लंबर साइटवर असेपर्यंतच त्याला दाखवा.