हवाईतल्या बारीक माशीची नवी प्रजाती : वर्णन कसं लिहायचं

नवीन वाटली म्हणून लगेच नाव ठेवायची घाई नको, हवाईत ड्रोसोफिला या बारीक माश्यांच्या शेकडो प्रजाती आहेत आणि कीटकशास्त्रज्ञ हार्डींनी 1965 मध्येच त्यातल्या भरपूर लिहून ठेवल्यात, ते आधी वाचा, मग होनोलुलूच्या बिशप म्युझियममधले नमुने शेजारी ठेवून बघा.

वर्णनासाठी नर घ्या. माद्या बऱ्याचदा सारख्याच दिसतात पण नराचे पुढचे पाय, तोंडाचे भाग, पंखावरचे डाग यात फरक कळतो, आणि पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करून ग्लिसरीनमध्ये ठेवून जननांगांचं चित्र काढा, फोटो असला तरी काढाच, हाताने काढताना नजर जिथे थांबते तिथे कॅमेरा थांबत नाही. तो तुकडा छोट्या कुपीत त्याच माशीसोबत ठेवा.

होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावर नाव ठरतं तो, एकच, तो कुठल्या म्युझियममध्ये आहे ते लिहा. बेट, उंची, तारीख आणि कुठल्या झाडावर सापडली हे तर हवंच, कारण बऱ्याच जातींची पिल्लं ठरावीक झाडाच्या कुजक्या सालीतच वाढतात, झाड गेलं की माशी गेली, 2006 मध्ये अमेरिकेने अशा 12 हवाईयन माश्या धोक्यातल्या यादीत घातल्या.

नाव रोमन अक्षरांतच. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंद आधी करा, नाहीतर नाव धरतच नाहीत.