लहान मुलं आणि मोठा टीव्ही
घरात रांगतं-चालतं मूल असेल तर मोठा टीव्ही स्टँडवर मोकळा ठेवू नका. स्क्रीन फुटेल ही भीती नंतरची. खरा धोका टीव्ही मुलाच्या अंगावर पडण्याचा. मुलं ड्रॉवरवर पाय देऊन चढतात आणि आधाराला टीव्हीचीच कड धरतात. म्हणून तो पक्क्या भिंतीवर, अँकर फास्टनर (भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट) मारून बसवलेला उत्तम. भाड्याचं घर असेल तर निदान एका भोकाची परवानगी घरमालकाकडे मागाच, आणि टीव्हीच्या मागच्या माउंटच्या भोकांतून अँटी-टिप पट्टा (टीव्ही पुढे कलंडू न देणारा पट्टा) भिंतीला आवळा. रिमोट, खेळणी, खाऊचा डबा टीव्हीजवळ वर ठेवू नका, मूल त्यासाठीच चढतं. चेंडू फेकणारं मूल असेल तर स्क्रीनच्या मापाची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट लावा. मात्र हवेच्या जाळ्या झाकू नका.