स्वतंत्र गेम डेव्हलपर होताना : महिन्यांचा हिशेब

स्वतंत्रपणे व्हिडिओ गेम तयार करण्याची इच्छा असलेले तरुण भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाविषयी, म्हणजे गेम ज्यात घडवतात त्या सॉफ्टवेअरविषयी असतो : युनिटी शिकावे, अनरिअल शिकावे की गोडो? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. अंधेरीतील एका व्हीएफएक्स (चित्रपटांतील दृश्यपरिणाम) स्टुडिओतील नोकरी सोडून मी स्वतःचे गेम करू लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा अनुभवाला आली : गेम किती मोठा करायचा, हे कल्पनाशक्तीवर सोडून चालत नाही, हाताशी किती महिन्यांचा खर्च आहे, यावरून ते ठरवावे लागते. मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना हे विशेष जाणवते, कारण भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो, नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते आणि दीड-दोन वर्षे चालणाऱ्या गेमला ही वाढ निदान एकदा तरी सोसावी लागते.

‘स्टारड्यू व्हॅली’चे उदाहरण नेहमी दिले जाते. एरिक बॅरोन यांनी तो गेम एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून घडवला आणि २०१६ मध्ये प्रकाशित केला, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या वर्षांत ते एका थिएटरमध्ये अर्धवेळ नोकरी करत होते आणि घरखर्चाचा भार त्यांच्या जोडीदाराने उचलला होता, हा भाग सांगण्यातून गळतो. आपल्या पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला, त्याची जगभर दखल घेतली गेली, परंतु त्याआधी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरील त्याची निधीसंकलनाची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नव्हती. अशा प्रत्येक गेममागे मधल्या काळाचा खर्च कोणीतरी भागवलेला असतो. आपल्या बाबतीत तो कोण भागवणार, याचे उत्तर पहिल्या दिवशी कागदावर असायला हवे.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहावा. समजा, तुमच्या गेमची भारतातील किंमत ४०० रुपये आहे. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केल्यावर सुमारे ३३९ रुपये उरतात आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा ३० टक्के वाटा गेला की तुमच्या हाती साधारण २३७ रुपये येतात. महिना ३०,००० रुपयांत काटकसरीने भागवायचे ठरवले, तर वर्षभराच्या कामाचा खर्च ३,६०,००० रुपये होतो आणि तो भरून निघण्यासाठी १,५०० हून अधिक प्रती विकल्या जायला हव्यात. दोन वर्षे लागली, तर हा आकडा ३,००० च्या पुढे जातो. यात संगीतकाराचे मानधन, सवलतीच्या काळातील कमी किंमत, परत केलेल्या प्रती किंवा तुमचा आयकर धरलेला नाही. परदेशी ग्राहक जास्त किंमत देतात हे खरे आहे, आणि म्हणूनच बहुतेक भारतीय डेव्हलपरांची नजर त्या बाजारावर असते.

परताव्याच्या नियमाचा तर गेमच्या रचनेवरच परिणाम होतो. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाले असेल, तर ग्राहकाला पैसे परत मागता येतात. दीड तासात संपणारा सुंदर कथाप्रधान गेम पूर्ण खेळूनही परत करता येतो. लहान गेम करू नयेत असे मला अजिबात म्हणायचे नाही, उलट पहिला गेम लहानच असावा. मात्र त्याची किंमत ठरवताना हा नियम लक्षात असू द्यावा.

महिने मोजताना नवोदितांचा अंदाज जिथे हमखास चुकतो, ती जागा म्हणजे गेम ‘जवळजवळ झाला’ असे वाटू लागल्यानंतरचा काळ. मुख्य खेळ चालू लागला की काम संपत आले असे वाटते आणि मग सेव्ह फाइल, आवाज कमी-जास्त करण्याची सोय, वेगवेगळ्या आकारांचे पडदे, कंट्रोलर, मध्येच गेम बंद केल्यावर काय व्हावे, जुन्या लॅपटॉपवर तो चालतो की नाही, अशी कामे एकामागून एक उभी राहतात. यांपैकी एकही ट्रेलरमध्ये दिसत नाही आणि एकही टाळता येत नाही. माझ्या अनुभवात या टप्प्याला मूळ खेळ घडवण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून तो अंदाजपत्रकात सुरुवातीलाच निम्मा धरावा.

दुसऱ्याला खेळायला देऊन पाहणे हेही याच टप्प्यावर ढकलले जाते. ते फार आधी व्हायला हवे. आमच्या मजल्यावरील एका शाळकरी मुलीला मी एक प्रवेश खेळायला दिला होता. तिने दाराबाहेर जाणे अपेक्षित होते, पण ती सारखी खिडकीवर क्लिक करत राहिली. चित्रात संध्याकाळचे ऊन खिडकीवर पडले होते आणि दार सावलीत होते. तिची नजर उजेडाकडे जाणे अगदी स्वाभाविक होते. मी काहीही न बोलता मागे बसून होते, म्हणूनच हे कळले. खेळणाऱ्याला शेजारी बसून सूचना देण्याचा मोह आवरावा, कारण गेम विकत घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. त्या दिवशी दारावर एक दिवा लावला आणि पुढच्या कोणालाही तिथे अडचण आली नाही.

स्टीमवर गेम ठेवण्यासाठी प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. ही पद्धत २०१७ पासून आहे आणि गेमचे उत्पन्न १,००० डॉलरपर्यंत गेल्यावर ती रक्कम परत मिळते. पैसे भरल्यानंतर पहिला गेम प्रकाशित करण्यापूर्वी ३० दिवस थांबावे लागते, तसेच ‘लवकरच येत आहे’ असे पान निदान दोन आठवडे आधी लोकांसमोर असावे लागते. मी तर म्हणेन, दाखवण्यासारखी पाच चित्रे तयार झाली की ते पान उघडावे, कारण ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये (नंतर घ्यायच्या यादीत) टाकला आहे त्यांना प्रकाशनाच्या दिवशी स्टीमकडून सूचना जाते. नेक्स्ट फेस्ट या स्टीमवरील, येऊ घातलेल्या गेमचे डेमो (नमुने) दाखवणाऱ्या महोत्सवात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा अर्धवट डेमो देऊन ती संधी खर्च करू नये. पानावरील मुख्य चित्र यादीत बोटाच्या पेराएवढे दिसते आणि तेवढ्या आकारातही गेमचे नाव वाचता आले पाहिजे. स्टीमवरील सवलती आणि महोत्सव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅसिफिक वेळेनुसार सकाळी दहाला सुरू होतात. म्हणजे मुंबईत रात्री साडेदहा किंवा त्यांच्याकडील हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. महत्त्वाच्या दिवशी काही बिघडले तर ते रात्रीच दुरुस्त करावे लागते आणि घरच्यांना याची कल्पना आधी दिलेली बरी.

मोबाइलची वाट सोपी समजली जाते, पण तिलाही आता वेळ लागतो. गुगल प्लेचे शुल्क एकदाच २५ डॉलर आहे; मात्र नव्या वैयक्तिक खात्याला निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेतल्याशिवाय गेम सर्वांसाठी खुला करता येत नाही.

कागदपत्रांबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण याविषयी शिकवणी वर्गांत कोणी बोलत नाही. तुम्ही एखाद्या स्टुडिओत नोकरी करत रात्री स्वतःचा गेम करत असाल, तर नेमणूकपत्र पुन्हा एकदा नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, आणि काही नेमणूकपत्रांत फावल्या वेळातील कामावरही हक्क सांगणारे कलम घातलेले असते. तुम्ही दुसऱ्याकडून काम करून घेता तेव्हाही हाच कायदा लागू होतो. समजा, दादरमधील ओळखीच्या एका संगीतकाराकडून तुम्ही गेमचे संगीत करून घेतले, पैसेही दिले आणि हक्क तुम्हाला देत असल्याचे दोन ओळींत लिहून घेतले. त्या लेखात मुदत नमूद नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची मानतो. प्रदेश नमूद नसेल, तर हक्क फक्त भारतापुरते मानले जातात. तुमचा गेम मात्र पहिल्या दिवसापासून जगभर विकला जाणार असतो. म्हणून मुदत, प्रदेश आणि मोबदला हे तिन्ही स्पष्ट लिहावेत, शिवाय संगीतकार एखाद्या कॉपीराइट संस्थेचा (सभासदांच्या वतीने हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा) सभासद आहे का, हेही आधी विचारावे.

कराचेही तसेच आहे. स्टीम ही अमेरिकी कंपनीची सेवा असल्याने तिथे करविषयक अर्ज भरताना पॅन द्यावा लागतो आणि भारत-अमेरिका करारातील सवलत मागावी लागते. ती मागितली, तर अमेरिकेतील विक्रीवर रॉयल्टी म्हणून १५ टक्के कर कापला जातो, नाही तर ३० टक्के. कापलेल्या कराची वजावट भारतात विवरणपत्र भरताना मिळू शकते, पण तिचा वेगळा अर्ज वेळेत भरावा लागतो. परदेशातून येणाऱ्या पैशांचा अनुभव असलेला सीए पहिल्या विक्रीच्या आधी गाठावा. प्रकाशक आगाऊ रक्कम देऊ करत असेल, तर ती पूर्ण वसूल होईपर्यंत तुमचा वाटा सुरू होतो की नाही, हे करारात तपासावे.

२०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर केंद्राने कायद्याने बंदी आणली, तेव्हापासून ‘मी गेम बनवते’ असे म्हटले की नातेवाईक आणि बँकेतले कर्मचारीही चिंतेने पाहतात. कायद्याने पैशांचे खेळ वेगळे आणि करमणुकीचे गेम वेगळे मानले आहेत, हे घरी शांतपणे समजावून सांगावे.

मुंबईची एक मोठी सोय म्हणजे इथे मधल्या काळात कमावता येते. जाहिरात, ॲनिमेशन, व्हीएफएक्स, मालिकांचे ध्वनिसंयोजन अशी कामे शहरात सतत चालू असतात आणि ती करणारी माणसे गेमलाही उपयोगी पडतात. आठवड्याचे काही दिवस अशा कामांना देऊन उरलेले गेमसाठी राखणे, हा मार्ग मला सर्वांत टिकाऊ वाटतो. फक्त राखलेले दिवस ग्राहकाच्या घाईपुढे सोडून देऊ नयेत.

आता इंजिनाकडे येते. गेममध्ये मराठी मजकूर असावा अशी माझी मनापासून इच्छा असते आणि तुमचीही असेल, तर निवड करताना तीच कसोटी लावावी. युनिटीतील मजकूर दाखवण्याच्या टेक्स्टमेशप्रो या नेहमीच्या साधनात देवनागरी अक्षरे जशी साठवलेली असतात त्याच क्रमाने मांडली जातात; त्यामुळे ‘किल्ला’मधील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर उमटते, ‘सूर्य’मधील रफार वर चढत नाही आणि जोडाक्षरे सुटी पडतात. त्यावर उपाय आहेत, पण ते स्वतः बसवावे लागतात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून अशी जोडणी इंजिनातच होते. कोणतेही इंजिन घेतले तरी पहिल्या आठवड्यात ‘किल्ला’, ‘सूर्य’, ‘दुसऱ्या’, ‘क्षत्रिय’ हे शब्द पडद्यावर छापून पाहावेत, फाँटचा परवाना गेममध्ये वापरण्यास मुभा देतो का तेही वाचावे आणि त्यानंतरच संवाद लिहायला घ्यावेत.