लग्नाची ऑर्डर: रोलवर की डिजिटलवर?

लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी मी फिल्म रोल आणि डिजिटल, दोन्हींवर केल्या आहेत. या कामात नव्याने येणाऱ्यांनी पैसे घेऊन करायचं काम डिजिटलवर करावं आणि शिकण्यासाठी एक फिल्म कॅमेरा जरूर बाळगावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंतरपाट एकदाच दूर होतो. ३५ एमएमच्या रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे शेवटच्या मंगलाष्टकाआधी रोलवर सात-आठ फोटो शिल्लक असले तरी तो गुंडाळून नवा चढवायचा, ही आमची शिस्त. तरीही फोटो आला की नाही, हे रोल धुऊन आल्यावरच कळायचं. आज दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा मिळतो. लग्नासाठी तोच घ्या, मेगापिक्सेल थोडे कमी असले तरी चालतील.

दोन्ही कॅमेरे गळ्यात असतील तर उजेडाचं गणित उलटं होतं, इथे नीट लक्ष द्या. भर दुपारी मांडवाच्या कडेला नवरी उभी आहे, कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या, त्यावर ऊन. डिजिटलमध्ये ते मोती एकदा पांढरेफटक जळाले की परत येत नाहीत. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, थोडं कमी ठेवायचं. सावलीतला चेहरा रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोतून) नंतर उजळता येतो. कलर निगेटिव्हला, म्हणजे रंगीत फिल्मला, मात्र जास्त उजेड चालतो, कमी पडला की सावल्या मातकट होतात, दाणा वर येऊन फोटो खरखरीत दिसतो. म्हणूनच पोर्ट्रा ४०० ही कोडॅकची रंगीत फिल्म वापरणारे बरेच जण उजेड मोजणारा मीटर २०० वर लावतात, म्हणजे फिल्मला दुप्पट उजेड मिळतो.

फिल्म धुवायला रोज मशीन चालणारी लॅब शोधा. कलर निगेटिव्हचा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं लागतो; तापमान हललं की रंग बिघडतात. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी जमतं. तिथे पाणी २० अंशांच्या आसपास हवं, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात बर्फ लागणारच.

शिकायला निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा उत्तम. १९८२ सालचं मॉडेल, शटर बॅटरीशिवाय चालतं. फोर्टातल्या बोरा बाजारात जुना कॅमेरा घ्यायला गेलात तर टॉर्च घेऊन जा, लेन्समधून आरपार उजेड टाकून बुरशी बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ती हटकून धरते.

पार्टीने फिल्मचा आग्रह धरला तर रोल, धुलाई आणि स्कॅनिंगचे पैसे आधीच वेगळे सांगा, आणि मुख्य विधी डिजिटलवर घेणार हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.