नेट स्लो आहे? आधी वायर लावून बघा

डीएनएस बदला, अँटेनाला फॉइल गुंडाळा, मोबाइलमध्ये 'स्पीड बूस्टर' टाका, असले सल्ले आधी बाजूला ठेवा. नेट घराबाहेर अडतंय, राउटरपाशी अडतंय की भिंतीपाशी, हे कळेपर्यंत काहीही बदलू नका आणि एक रुपयाही खर्च करू नका. नातेवाईक आणि शेजारी मिळून कितीतरी घरांत मी हे काम केलंय. निम्म्या घरांत नवा राउटर आधीच येऊन पडलेला असतो आणि नेट होतं तिथंच असतं.

प्लॅन किती एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिटचा, आहे ते बघा. १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ एमबीनेच (मेगाबाइट) उतरणार, कारण ८ बिटांचा १ बाइट होतो. महिन्याचा डेटा संपून वेग कापला गेला नाही ना, तेही तपासा.

राउटर बंद करून चालू करा.

आता खरं काम. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन केबलने तो राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ-साडेनऊला, अशी तीनदा. आकडे वेळेसकट लिहून ठेवा. वायरवर पूर्ण वेग मिळाला तर दोष वायफायचा. दिवसभर चांगला आणि फक्त रात्री पडत असेल तर बहुधा बाहेरच्या लाइनवर गर्दी आहे. मात्र प्लॅन १०० पेक्षा मोठा असून तिन्ही वेळी ९४ च्या आसपास एकच आकडा येत असेल, तर पुढचं नीट वाचा. मी स्वतः इथं तीन महिने अडकलो होतो.

प्लॅन २०० चा होता आणि वायरवर ९४ यायचे. पुन्हा टेस्ट केली की ९३, मग परत ९४. चार तक्रारी केल्या. माणूस येऊन फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबरची वायर ज्यात जोडतात तो) बदलून गेला, मी राउटर बदलला, आकडा हलला नाही. तो हलत नव्हता, हीच खूण होती आणि ती मला दिसत नव्हती. गर्दीने पडलेला वेग कधी ६०, कधी ११० असा नाचतो. ९४ ला चिकटून बसलेला वेग म्हणजे वाटेत कुठेतरी १०० ची जोडणी आहे. तिच्यातून प्रत्यक्षात एवढंच हाती येतं.

शेवटी डब्यापासून राउटरपर्यंतची केबल काढली आणि तिचा पारदर्शक प्लग खिडकीच्या उजेडात धरला. आत आठ खाचा होत्या, पण तारा चारच. केशरी जोडी आणि हिरवी जोडी पुढपर्यंत आलेली, निळी आणि तपकिरी आवरणाच्या तोंडाशीच कापून टाकलेली. १०० एमबीपीएस चार तारांवर चालतं, १००० ला आठही लागतात. दोन्ही टोकांना नवे प्लग बसवून आठही तारा दाबून घेतल्या आणि पुढच्याच टेस्टला १९६ आले.

म्हणून प्रत्येक केबल तपासा, राउटर ते लॅपटॉप आणि डबा ते राउटर, दोन्ही. दुसरी तपासताना तिचं राउटरकडचं टोक काढून लॅपटॉपला लावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड, म्हणजे त्या केबलवरच्या जोडणीचा वेग, दिसतो. नेट चाललं नाही तरी तो दिसतो. १०००/१००० हवा. १००/१०० दिसला तर केबल किंवा पोर्ट यांपैकी एक दोषी. डब्यावर जीई (१००० चा) आणि एफई (१०० चा) असे दोन्ही पोर्ट असतील तर केबल जीईलाच लावा. बऱ्याच स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात, तेव्हा खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' लिहिलंय का ते बघूनच घ्या. केबल शुद्ध तांब्याची कॅट ५ई घ्या. १ जीबीपीएसपर्यंत ती पुरते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल घरात आणू नका आणि तुटलेल्या केबलला टेप लावून जोड तर मुळीच देऊ देऊ नका.

फायबरच्या वायरला हात लावू नका. ती दारात दुमडली गेली असेल किंवा डब्यावर लाल दिवा लागला असेल तर थेट फोन करा.

वायफायचं काम सोपं आहे. राउटर टीव्हीच्या मागून आणि लोखंडी कपाटाजवळून हलवून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. जवळच्या खोल्यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, लांबच्यांना २.४ चं. इमारतीत शेजाऱ्यांची वीस वायफाय दिसत असतील तर २.४ वर १, ६ किंवा ११ यांतलाच मोकळा चॅनल राउटरच्या सेटिंगमध्ये निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मागच्या खोलीसाठी रिपीटर घेऊ नका. तिथपर्यंत केबल ओढा आणि जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवायला, लावा.

एवढं करूनही वायरवर वेग कमी असेल तरच तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. 'नेट स्लो आहे' असं सांगाल तर राउटर बंद-चालू करा म्हणतील. त्याऐवजी असं सांगा: "लॅन केबलवर, वायफाय बंद ठेवून, लिंक स्पीड १०००. प्लॅन २०० चा, तीन दिवस रात्री साडेनऊला ४० च्या खाली."