उलटं पेडल मारलं तरी पुढे जाणारी सायकल : माझा अनुभव

अशी सायकल १९०० नंतरच्या काळात फ्रान्समध्ये विकली जायची, रेट्रो-डायरेक्ट म्हणतात तिला. सरळ पेडल मारलं की एक गिअर, उलटं मारलं की दुसरा हलका गिअर, डिरेलर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नाही काही नाही. मला ती आपल्या साध्या काळ्या सायकलवर हवी होती, कारण नाशिकच्या पांडवलेणीकडचा चढ गुडघे काढतो.

मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) दोन फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने चाक ओढणारी आणि उलटी मोकळी फिरणारी दातेरी चक्रं, शेजारी शेजारी, आत १८ दाती, बाहेर २२ दाती. हबचे आटे तेवढे लांब नसतात, म्हणून अंबडला लेथवाल्या काकांकडून आटेवाली स्लीव्ह करून घेतली आणि एक्सल लांब टाकला. चेन १८ वरून खाली येते, चेनस्टेखालच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीखालच्या) पुलीला वळसा घेते, मग २२ ला खालून गुंडाळून त्याच्या वरून पुढच्या ४४ दाती चक्राला जाते, त्यामुळे एक फ्रीव्हील ओढतं तेव्हा दुसरं नुसतं उलटं फिरतं. एक चेन पुरत नाही, दुसरीचा तुकडा जोडावाच लागतो.

खरा त्रास पुलीचा, चेन सारखी उतरायची. पुली कायम ढिल्या बाजूला असते, जोर येतच नाही, म्हणजे मजबुती वाढवून उपयोग शून्य, लाईन जुळायला हवी. मग पुली धरणाऱ्या पट्टीला लांबट खाच पाडली, पुली थोडी तिरकी बसवली, एक कड १८ च्या रेषेत, दुसरी २२ च्या. तेव्हापासून एकदाही उतरली नाही!

एक लक्षात ठेवा, ही सायकल हाताने मागे ढकलता येत नाही, दोन्ही फ्रीव्हील एकदम पकडतात आणि चाक जाम होतं. पार्किंगमध्ये मागचं चाक उचलून सायकल फिरवा.